ताऱ्यांच्या रंगावरून तापमान: मृगापासून सुरुवात करू (नागपूरकरांसाठी, बाकीचेही या)

तिसरा_मजला

सध्या फेब्रुवारीत रात्री आठ-साडेआठला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, मृग नक्षत्र चांगलं उंच आलेलं असतं. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे बाण. डावीकडचा वरचा तारा काक्षी (पंचांगातली आर्द्रा ती हीच) आणि कर्णावर समोर, उजवीकडे खाली, राजन्य. आता काक्षी पाच-सात सेकंद बघा आणि लगेच नजर राजन्यवर न्या, परत काक्षीवर आणा. एक तांबूस आणि एक निळसर-पांढरा. महाल असो की मानेवाडा, शहराच्या उजेडातसुद्धा हा फरक कळतो.

या फरकामागे तापमान आहे. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, राजन्यचा साधारण १२,०००. आपला सूर्य मधे, ५,७७२. केल्विनमधून २७३ वजा केले की सेल्सिअस मिळतं, पण हजारांच्या गोष्टीत त्याने फार काही बिघडत नाही.

ज्यांनी काटोल-सावनेरकडे शेतावर दिवस काढलेत त्यांना हे पटकन समजेल. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि घरातला शंभरचा बल्ब पांढुरका-पिवळा होता तो नारिंगी व्हायचा, अजून पडलं की आतली तार नुसती लाल. बल्ब तोच, तार तीच, तार थंड होत गेली तसा रंग लालकडे सरकला. पूर्ण व्होल्टेजला ती तार २,७०० केल्विनच्या आसपास असते म्हणजे काक्षीपेक्षाही थंड! आणि ताऱ्यांचं गणितसुद्धा त्या तारेसारखंच चालतं.

हा नियम विल्हेल्म वीन याने १८९३ मध्ये मांडला. २,८९८ या आकड्याला केल्विनमधल्या तापमानाने भागा, तारा कुठल्या तरंगलांबीला सगळ्यात जास्त प्रकाश देतो ते मायक्रोमीटरमध्ये मिळेल. सूर्यासाठी ०.५० येतं म्हणजे सुमारे ५०० नॅनोमीटर. काक्षीसाठी ८२८ नॅनोमीटर, आपल्याला दिसतं साधारण ४०० ते ७०० पर्यंतच, म्हणजे काक्षीचा बहुतांश प्रकाश अवरक्त आहे आणि आपल्याला दिसतो तो त्याचा लालकडचा उरलेला हिस्सा. राजन्यचं शिखर २४० च्या आसपास, ते अतिनीलमध्ये जातं, दिसतो तो निळीकडे झुकलेला भाग.

आता माझं म्हणणं असं की नुसत्या डोळ्याने, एकही पैसा खर्च न करता, दहा-बारा ठळक तारे थंड ते गरम असे ओळीने लावता येतात. अट एकच, एकटा तारा बघून रंग ठरवायचा नाही, नेहमी जोडीने बघायचं. एकटा बघितला की डोळा त्याला पांढरा ठरवून मोकळा होतो. कोणी कोणी करून बघणार ते सांगा, नोंदी इथेच टाका.


वाडी_नाका

भाऊ लेख मस्त आहे पण मले तर सगळे पांढरेच दिसून राहिले बाप्पा. काक्षी थोडा पिवळट वाटला, तेही तुम्ही सांगतलं म्हणून. बायकोले दाखवलं तर ते म्हणते लाल कुठी आहे यात. डोळ्याचा नंबर वाढला काय का आमच्याकडचे लाईटच जास्त आहेत, काहून होते असं?


तिसरा_मजला

@वाडी_नाका, डोळे ठीक आहेत भाऊ तुमचे. डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकू आणि दंड. रंग कळतो तो शंकूंना, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंड अंधुक उजेडात काम करतात पण त्यांना रंगच कळत नाही. म्हणून मंद तारे सगळ्यांनाच पांढरे-राखाडी दिसतात, कितीही चांगली नजर असली तरी. आकाशातले सगळ्यात ठळक वीस-पंचवीस तारेच रंग दाखवतात आणि तोही फिकाच. 'लाल तारा' म्हटलं की लोकांना सिग्नलसारखा लाल अपेक्षित असतो, तसा लाल कधीच दिसणार नाही. काक्षी म्हणजे फिकट नारिंगी, त्यात किंचित तांबूस.

एक युक्ती सांगतो. साधी ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची दुर्बीण घ्या आणि मुद्दाम फोकस थोडा बिघडवा. तारा टिंब असतो तोवर त्याचा सगळा प्रकाश एकाच जागी पडतो आणि मधोमध नुसतं पांढरं झगझगीत दिसतं. फोकस बिघडवला की त्या टिंबाची मुगाएवढी गोल चकती होते आणि त्या चकतीत रंग एकसारखा पसरतो. काक्षीची चकती तेव्हा खरोखर नारिंगी दिसते, कडेला जरा गडद. मग हात न हलवता खाली राजन्यकडे सरका, चकती थंडगार निळसर-पांढरी. हे एकदा बघितलं की नुसत्या डोळ्यानेही फरक पकडता येतो, डोळ्याला काय शोधायचं ते कळलेलं असतं.

आणि मृगापेक्षा सोपी जोडी हवी असेल तर पुनर्वसू बघा. पूर्वेकडे उंच, जवळजवळ सारख्याच तेजाचे दोन तारे शेजारी शेजारी, त्यांच्यात अंतर फक्त साडेचार अंशांचं म्हणजे हात लांब करून तीन बोटं धरली तर तेवढं. उत्तरेकडचा कॅस्टर, दक्षिणेकडचा पोलक्स. पोलक्स पावणेपाच हजार केल्विनच्या आसपास आणि कॅस्टर दहा हजारांच्या. दोघं एकाच उंचीवर, एकाच हवेतून दिसतात, त्यामुळे तुलना एकदम स्वच्छ होते. पोलक्स पिवळसर-नारिंगी, कॅस्टर पांढरा. माझ्या मते नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी, मृगाचं नाव मोठं आहे म्हणून सगळे तिकडे धावतात.


सातवी_ब_ची_आई

आम्ही केलं हे! लेकीने काल वहीत क्रम लावला, मी काही सांगितलं नव्हतं, फक्त नावं दिली आणि तारे दाखवले. तिचा क्रम, सगळ्यात लालपासून: काक्षी, रोहिणी, पोलक्स, ब्रह्महृदय, प्रश्वा, राजन्य, व्याध. नंतर तापमानं बघितली तर शेवटचे दोन सोडून सगळं बरोबर निघालं, केवढी खूश झाली. पण व्याध तिला राजन्यपेक्षा निळा वाटला आणि ती आत्ताही म्हणतेय की तसाच दिसतो. मला पण तसाच दिसला. हे का?

शिवाय तिचा दुसरा प्रश्न, सूर्याचं शिखर ५०० नॅनोमीटरला आहे तर तो रंग हिरवा असतो ना, मग सूर्य हिरवा का नाही आणि आकाशात एकही हिरवा तारा का नाही? मी उत्तर दिलं नाही, म्हटलं धाग्यावर विचारते.


खडू_फळा

मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण प्रश्न इतक्या नेमक्या जागी बोट ठेवणारे फार थोडे भेटले.

आधी हिरव्याचं. वीनचा नियम फक्त शिखर कुठे आहे ते सांगतो. तारा काही त्या एकाच रंगाचा प्रकाश देत नाही, शिखराच्या दोन्ही बाजूंना लांबवर उतार असतो. सूर्याचं शिखर हिरव्यात असलं तरी लाल आणि निळा हे दोन्ही भरपूर येतात, तिन्ही प्रकारचे शंकू एकदम उत्तेजित होतात आणि मेंदू म्हणतो पांढरा. हिरवा दिसायला फक्त हिरवा यायला हवा, तापलेल्या वस्तूला ते जमत नाही. म्हणून तापमान वाढत जाताना रंगाचा रस्ता लाल, नारिंगी, पिवळसर, पांढरा, निळसर असा जातो, हिरवा कुठेच लागत नाही. (सूर्य पिवळा दिसतो तोही हवेमुळे, आणि खाली असेल तेव्हाच जास्त. अवकाशातून तो पांढरा आहे.)

आता व्याध आणि राजन्य. हा सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. खगोलशास्त्रज्ञ रंग आकड्यात मोजतात. निळ्या फिल्टरमधून ताऱ्याची प्रत (म्हणजे तेजाचा आकडा, तारा जितका मंद तितका तो मोठा) मोजायची, मग पिवळट-हिरव्या फिल्टरमधून मोजायची, पहिल्यातून दुसरी वजा करायची. त्याला बी वजा व्ही म्हणतात, जॉन्सन आणि मॉर्गन यांनी १९५३ मध्ये ही पद्धत पक्की केली. आकडा मोठा म्हणजे तारा लाल, शून्याच्या आसपास म्हणजे पांढरा, उणे म्हणजे निळसर. काक्षीचा १.८५, रोहिणीचा १.५४, स्वातीचा १.२३, सूर्याचा ०.६५, अभिजितचा ०. राजन्यचा उणे ०.०३ आणि व्याधाचा जवळपास शून्य.

आता बघा. काक्षी ते सूर्य, तापमानात फरक जेमतेम सव्वादोन हजारांचा, रंगाच्या आकड्यात फरक १.२. पण अभिजित आहे ९,६०० केल्विनचा आणि सगळ्यात तापलेले तारे तीस हजारांच्या वर जातात, तरी त्यांचा आकडा उणे ०.३ च्या आसपास येऊन थांबतो. वीस हजार अंश वाढले आणि रंग जेमतेम ०.३ ने हलला! कारण इतक्या तापमानाला शिखर अतिनीलमध्ये दूर गेलेलं असतं, आपल्या वाट्याला नुसता उताराचा भाग येतो आणि त्या उताराचा आकार पुढे फारसा बदलत नाही.

म्हणजे रंग हा तापमापक लालकडच्या टोकाला फार चांगला आणि निळ्याकडच्या टोकाला बोथट आहे. काक्षी आणि रोहिणी यांच्यात चारशे-एक अंशांचा फरक, तो तुमच्या मुलीने डोळ्याने पकडला. व्याध (९,९००) आणि राजन्य (१२,०००) यांच्यात दोन हजारांचा फरक, तो कुणाचाच डोळा खात्रीने पकडू शकत नाही. व्याध निळा वाटतो कारण तो सगळ्या ताऱ्यांत ठळक आहे, शंकूंना भरपूर उजेड मिळतो. तिने जे बघितलं तेच लिहिलं, वहीत तसंच राहू द्या, खोडू नका.


वाडी_नाका

मास्तर कसं सांगता हो तुम्ही, एकदम डोक्यात गेलं. मग मले सांगा निळ्या ताऱ्याचं तापमान शास्त्रज्ञ काढते कसं? रंग तर बोथट झाला म्हणता.

अन दुसरं, काक्षी इतका थंड आहे तर एवढा ठळक काहून दिसते? थंड म्हणजे मंद पाहिजे ना.


खडू_फळा

दुसरं आधी, ते सोपं आहे. पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून किती ऊर्जा निघते ते तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. १२,००० ला ३,५०० ने भागा, साधारण ३.४ येतं, त्याचा चौथा घात १३५-१४० च्या घरात. म्हणजे राजन्यचा एक चौरस मीटर काक्षीच्या एका चौरस मीटरपेक्षा सव्वाशे-दीडशेपट जास्त ओततो. पण काक्षी प्रचंड आहे, त्याची त्रिज्या सूर्याच्या सातशेपटीहून जास्त, राजन्यची सत्तर-ऐंशीपट. त्रिज्या दहापट म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट. दोन्ही हिशेब एकमेकांना बरेचसे फेडून टाकतात आणि दोघंही सूर्याच्या लाखपटीच्या आसपास प्रकाश देतात. म्हणून रंगावरून तापमान कळतं, तेज किती ते कळत नाही, त्यासाठी आकार आणि अंतर लागतं.

पहिलं. निळ्या टोकाला वर्णपट कामी येतो. ताऱ्याचा प्रकाश पसरवला की त्यात काळ्या रेषा दिसतात. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी काचेच्या पट्ट्या बघून सव्वादोन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण केलं, हेन्री ड्रेपर कॅटलॉग, १९१८ ते १९२४. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा क्रम तिथलाच, ओ सगळ्यात गरम, एम सगळ्यात थंड. पण या रेषा तापमानाप्रमाणे का बदलतात याचं गणित आपल्या मेघनाद साहांनी दिलं, १९२० मध्ये. किती तापमानाला कुठल्या अणूचे इलेक्ट्रॉन सुटतात हे त्यांच्या समीकरणावरून काढता येतं. हायड्रोजनच्या दृश्य रेषा दहा हजारांच्या आसपास सगळ्यात ठसठशीत असतात म्हणून व्याध, अभिजित यांच्या वर्णपटात त्या उठून दिसतात. त्याहून गरम ताऱ्यात हायड्रोजन आयनीभूत होत जातो, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि हेलियमच्या रेषा दिसायला लागतात. राजन्य आणि व्याध रंगाने सारखे, पण वर्णपट बघितला की क्षणात वेगळे. पुढे १९२५ मध्ये सिसिलिया पेन यांनी साहांचंच समीकरण वापरून दाखवलं की तारे बहुतांश हायड्रोजन-हेलियमचे आहेत. वीनच्या नियमाइतकंच साहांचं नाव घराघरात असायला पाहिजे होतं, ते नाही याचं मला फार वाईट वाटतं.


हिंगणा_रोड

छान चाललंय. दोन शंका. एलईडी बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, ३००० के लिहिलेलं असतं, ते हेच केल्विन का? मग माझ्या हॉलमधला बल्ब सूर्यापेक्षा गरम झाला की.

दुसरी, मंगळ लाल दिसतो म्हणजे तोही काक्षीसारखा ३,५०० चा का? आमच्याकडे एक काका ठासून सांगतात की मंगळ म्हणजे तापलेला गोळा, रंगच सांगतो म्हणे.


तिसरा_मजला

@हिंगणा_रोड, दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे. रंगावरून तापमान काढायचं तर ती वस्तू स्वतःच्या उष्णतेने उजळलेली पाहिजे. एलईडी तशी नाही, त्यात निळ्या एलईडीवर पिवळट पावडरचा थर असतो आणि दोन्ही मिळून जो पांढरा होतो तो ६,५०० केल्विनच्या वस्तूच्या रंगासारखा दिसतो, एवढंच तो आकडा सांगतो. केल्विन तेच, पण बल्ब तेवढा तापलेला नाही. जुन्या तारेच्या बल्बमध्ये मात्र तार खरंच तेवढी तापायची.

मंगळाचं तर अगदीच उलट. तो सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो आणि त्याच्या मातीतल्या लोखंडाच्या गंजाने तो तांबूस होतो. सरासरी तापमान उणे साठ सेल्सिअसच्या आसपास. काकांना सांगा की तिथे नागपूरचा मे महिना नाही. म्हणून रंगाची यादी करताना ग्रह आधी वगळायचे, जो लुकलुकत नाही तो बहुधा ग्रह.


कॅमेरा_भाऊ

मोबाईलवाल्यांसाठी लिहितो, कारण डोळ्याने नाही दिसलं तरी फोटोत नक्की येतं. मोबाईल स्टँडवर किंवा विटेला टेकवून ठेवा, प्रो मोडमध्ये जा. सगळ्यात आधी व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा आणि ५५००च्या जवळ फिक्स करा. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग आपल्या मनाने बदलतो आणि तुलनेला काही अर्थ राहत नाही. आयएसओ कमी ठेवा, चारशे-आठशे. शटर दहा-पंधरा सेकंद. आणि फोकस अनंतावरून मुद्दाम थोडा अलीकडे आणा, वर दुर्बिणीसाठी सांगितलं तसंच. तारा टिंब राहिला तर तिन्ही रंगांचे पिक्सेल भरून जातात आणि फोटोत सगळे तारे पांढरेच येतात, बहुतेक लोकांचं इथेच फसतं.

अजून सोपं म्हणजे स्टार ट्रेल. कॅमेरा तसाच ठेवून पंधरा-वीस मिनिटं फोटो घेत राहा आणि ॲपमध्ये जोडा. ताऱ्यांच्या रेषा उमटतात आणि मृगाच्या फोटोत काक्षीची रेषा नारिंगी, राजन्यची निळी, बाणाच्या तिन्ही निळसर. मग फोटो एडिटरमध्ये रेषेवर आयड्रॉपर ठेवा, लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे मिळतात. काक्षीला लाल आकडा निळ्याहून बराच मोठा, राजन्यला निळा मोठा. निळ्याला लालने भागून जे येतं त्यावरून क्रम लावा. मास्तरांच्या बी वजा व्हीचा हा गरिबाचा भाऊ समजा. तापमान थेट मिळणार नाही, पण एकाच फोटोतल्या ताऱ्यांचा क्रम पक्का मिळतो. दोन वेगळ्या रात्रींचे फोटो एकमेकांशी लावू नका, हवा वेगळी असते.


पेंच_वारी

हवेवरून आठवलं. आम्ही मध्ये सिल्लारीला गेलो होतो. पेंचच्या महाराष्ट्राकडच्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला, आणि वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले रस्त्याचे दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले. नागपूरपासून दोन तासांच्या आत असं आकाश मिळतं ही मोठी गोष्ट आहे, विदर्भातल्या प्रत्येक शाळेने पोरं तिथे न्यावीत. पण रंगांसाठी तिथे गेलंच पाहिजे असं नाही. काक्षी मला तिथे जेवढा नारिंगी दिसला तेवढाच गच्चीवरून दिसतो. तिथे फरक पडतो तो कृत्तिकांसारख्यांना, दुर्बिणीतून तो सगळा झुपका गार निळसर दिसला आणि शेजारी रोहिणी नारिंगी. ते मात्र शहरातून तितकं खुलत नाही.

मला विचारायचंय ते अगस्त्यबद्दल. दक्षिणेला खाली दिसतो तो. मला पिवळट वाटला, जवळपास ब्रह्महृदयासारखा. पण त्याचं तापमान सात हजारांच्या वर वाचलं, मग पांढरा दिसायला हवा ना?


तिसरा_मजला

@पेंच_वारी, फार चांगलं निरीक्षण आहे हे आणि नागपूरकरांना खास उपयोगी. आपण २१ अंश उत्तरेला, अगस्त्य आकाशात जवळजवळ ५३ अंश दक्षिणेला, म्हणजे तो कितीही वर आला तरी आपल्या क्षितिजापासून सोळा अंशांच्या वर जातच नाही. एवढ्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या साडेतीनपट हवेतून येतो. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते आणि वरून धूळ-धूर असतो, त्यामुळे गोरा अगस्त्य आपल्याला पिवळट दिसतो. तोच दक्षिण गोलार्धातून डोक्यावर बघितला तर स्वच्छ पांढरा. ब्रह्महृदय आपल्याला साठ अंशांच्या वर मिळतो, तो पिवळा आहे तो खरोखर पिवळा, सूर्याच्या जवळपासच्या तापमानाचे दोन राक्षसी तारे एकमेकांभोवती फिरतात तिथे.

म्हणून दोन तारे ताडायचे तर दोन्ही चाळीस अंशांच्या वर हवेत आणि शक्यतो सारख्या उंचीवर. व्याधसुद्धा उगवताना बघाल तर लाल-हिरवा-निळा असा लकाकत राहतो, तो रंग ताऱ्याचा नाही, हवेचे थर हलतात त्याने होतं. दीड-दोन तास थांबा, वर आला की शांत पांढरा.

हवेसारखीच भानगड ताऱ्यांच्या मधल्या जागेतही आहे. तिथली धूळ दूरच्या ताऱ्यांचा निळा प्रकाश अडवते आणि ते आहेत त्यापेक्षा लाल दिसतात, ट्रम्प्लर यांनी १९३० मध्ये हे पक्कं केलं. आपल्या यादीतल्या जवळच्या ताऱ्यांना त्याचा फारसा त्रास नाही.


वाडी_नाका

पुनर्वसू पायले भाऊ! दिसला फरक, अन पक्का दिसला. खालचा पिवळा, वरचा पांढरा, पोरालेही दाखवला. आता काक्षीबी वेगळा वाटून राहिला.

एक विचारतो, तो काक्षी मागं एकदम मंद झाला होता न, टीव्हीवर रोज दाखवत होते की फुटते आता. तेव्हा थंड झाला होता का? रंग बदलला होता का?


खडू_फळा

२०१९ च्या शेवटापासून तो मंद होत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला, एरवी ०.५ च्या आसपास असतो. तुमचा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर आपल्या विषयाला धरून आहे. थंड ताऱ्यांच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे असतात, तापमान थोडं जरी उतरलं तरी ते गडद होतात. ते मोजले तर तापमान ३,६०० निघालं, २००४ मध्ये ३,६५० होतं. पन्नास अंशांनी एवढा मोठा तारा एवढा मंद होऊ शकत नाही. नंतर मोठ्या दुर्बिणींच्या चित्रात त्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली आणि ती आपल्या वाटेत आली, पृष्ठभागाचा एक भाग काहीसा थंडही झाला होता, असं २०२१ मध्ये मांडलं गेलं. तो फुटेल हे खरं, पण येत्या हजार वर्षांत की लाख वर्षांत हे कुणी सांगू शकत नाही. टीव्हीवाल्यांनी लोकांना उगाच घाबरवलं, त्यापेक्षा वर बघायला सांगितलं असतं तर पिढी घडली असती.


सातवी_ब_ची_आई

सगळ्यांचे खूप आभार, लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिच्या वर्गात ती हेच मांडणार आहे, चार्टवर तारे रंगवून, खाली तापमान. तिने ठरवलंय की निळ्याकडच्या तीन ताऱ्यांना एकाच रंगाने रंगवायचं आणि खाली लिहायचं 'इथे डोळा पुरत नाही, वर्णपट बघा'. बाई मान्य करतात की नाही ते बघू.

तिला विचारायचंय की आता उन्हाळ्यात पुढची जोडी कुठली? मृग तर मावळेल.


तिसरा_मजला

चार्टचा फोटो नक्की टाका, आणि बाईंना काही शंका असेल तर त्यांनाही इकडे आणा.

उन्हाळ्यासाठी स्वाती आणि चित्रा. एप्रिलच्या शेवटी साडेनऊ-दहाला दोन्ही चांगल्या उंचीवर असतात. सप्तर्षीच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की आधी स्वाती लागतो, अजून पुढे चित्रा. स्वाती साधारण ४,३०० केल्विन, छान नारिंगी. चित्रा पंचवीस हजारांच्या आसपास, ठळक ताऱ्यांतल्या फार गरम ताऱ्यांपैकी एक. मे-जूनमध्ये दक्षिणेला ज्येष्ठा येते, ३,६०० ची, म्हणजे काक्षीची जुळी बहीणच, आपल्याकडून ती चाळीस अंशांच्या थोडी वर जाते. आणि मेच्या शेवटी रात्री उशिरा हंस वर आला की त्याच्या चोचीजवळचा अल्बिरिओ बघा, लहान टेलिस्कोपमधून तो सोनेरी आणि निळा असे दोन तारे होतो, साधारण ४,४०० आणि १३,०००. दोघं अगदी चिकटून असल्याने हवेची भानगडच उरत नाही. एवढी सुंदर तुलना आकाशात दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तिला एक काम. चित्रा पंचवीस हजारांची, राजन्य बारा हजारांचा. मार्चमध्ये रात्री साडेनऊच्या सुमाराला राजन्य पश्चिमेकडे उतरत असतो आणि चित्रा पूर्वेला वर येत असते. दोन्ही खाली असल्याने तुलना कठीण आहे, पण चित्रा राजन्यहून निळी दिसते का ते तिने आधी स्वतः ठरवावं. मास्तर, तुम्ही आत्ता उत्तर देऊ नका.


खडू_फळा

देत नाही. पण वहीत वेळ आणि दोन्हींची उंची लिहायला सांगा, हाताच्या मुठीने मोजली तरी चालेल, लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे दहा अंश.


कॅमेरा_भाऊ

मी त्याच रात्री दोन्हींचे फोटो काढतो, सारख्या सेटिंगने. तिचं उत्तर आल्यावरच आकडे टाकेन.